4 मार्च 2013: बंदूकवाल्यांची साक्ष

अमेरिकेतला बंदुकीचा वाद म्हटला की आपल्याला मोर्चे आणि टीव्हीवरची भांडणं आठवतात. आज मी सांगणार आहे तो एका राज्याच्या विधिमंडळातला एक दिवस. राज्य कोलोरॅडो, शहर डेन्व्हर.

आधी पार्श्वभूमी. 20 जुलै 2012 ला डेन्व्हरजवळ ऑरोरा इथल्या सिनेमागृहात गोळीबार झाला, 12 जण गेले. हल्लेखोराकडे 100 गोळ्यांचं मॅगझिन होतं. डिसेंबरमध्ये कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. मग कोलोरॅडोत सत्तेवर असलेल्या डेमोक्रॅट पक्षाने विधेयकं आणली. मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त 15 गोळ्या, खासगी विक्रीतही खरेदीदाराची पूर्वतपासणी, कॉलेजच्या आवारात लपवून बंदूक नेण्यावर बंदी, वगैरे.

कोलोरॅडोची एक खासियत आहे. 1988 साली तिथल्या मतदारांनी राज्यघटनेतच दुरुस्ती केली: आलेल्या प्रत्येक विधेयकाचा समितीने विचार करायचाच, दाबून ठेवायचं नाही. आणि समितीपुढे सामान्य माणूस नाव नोंदवून बोलू शकतो. आपल्याकडे 'हरकती व सूचना' मागवतात ना, तसंच. फक्त इथे आमदार समोर बसलेला असतो.

4 मार्चला सिनेटच्या समित्यांपुढे एकाच दिवशी सात विधेयकं होती. बंदूक बाळगणारे शेकडो लोक आले. बाहेर गाड्या हॉर्न वाजवत विधिमंडळाला फेऱ्या मारत होत्या, वर बॅनर लावलेलं विमान घिरट्या घालत होतं. विरोधात बोलणाऱ्यांत काउंटीचे शेरीफही होते. मॅगझिन बनवणाऱ्या मॅगपुल कंपनीने तर कायदा झाल्यास राज्य सोडू, असं आधीच बजावलं होतं. दुसऱ्या बाजूने डोक्यात गोळी लागून वाचलेल्या माजी खासदार गॅबी गिफर्ड्स यांचे पती मार्क केली बोलले.

पण लोकांच्या लक्षात राहिली एक तरुणी. नेवाडातल्या विद्यापीठाच्या आवारात तिच्यावर बलात्कार झाला होता. तिच्याकडे बंदुकीचा परवाना होता, पण आवारात बंदूक न्यायला मनाई होती. ती कॉलेज-बंदीच्या विरोधात बोलली. त्यावर सिनेटर एव्ही हुडाक म्हणाल्या की बंदूक असती तरी आकडेवारी तुझ्या बाजूने नाही. नंतर त्यांनी माफी मागितली, पण व्हायचं ते झालं होतं. चार दिवसांनी ते विधेयक मांडणाऱ्यानेच मागे घेतलं.

बाकी ठिकाणी मात्र बंदूकवाले हरले. मॅगझिनचं विधेयक सिनेटमध्ये 18 विरुद्ध 17 असं एका मताने निघालं. 20 मार्चला गव्हर्नर हिकनलूपर यांनी सही केली. मग विरोधकांनी दुसरं हत्यार काढलं: आमदार परत बोलावणे. 10 सप्टेंबरला सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स साडेतीनशेपेक्षाही कमी मतांनी पडले, अँजेला हिरोनही पडल्या. कोलोरॅडोत असं पहिल्यांदाच घडलं. हुडाक यांच्याविरुद्धही सह्या गोळा होऊ लागल्या, तेव्हा नोव्हेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. मॅगपुलनेही शब्द पाळला आणि वायोमिंग-टेक्सास गाठलं.

गंमत म्हणजे एवढं होऊनही 15 गोळ्यांची मर्यादा टिकली. 2014 मध्ये त्या दोन्ही जागा डेमोक्रॅट्सनी परत जिंकल्या आणि 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला.

मग साक्षीचा उपयोग काय? माझं मत सांगतो. मॅगझिनची मर्यादा मला योग्यच वाटते. 100 गोळ्यांच्या मॅगझिनची गरज कुणाला असते, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. तरी त्या तरुणीला मिळालेलं उत्तर मला खटकतं. आकडेवारी कायदा करताना लागतेच, पण समोर आपबीती सांगणाऱ्या माणसाला ती तोंडावर फेकायची नसते. सगळ्यांचं मान्य करणं कुठल्याच आमदाराला शक्य नाही. नीट ऐकून घेणं मात्र प्रत्येकाला शक्य असतं. मत विरोधात गेलं तर माणूस चिडतो, पण आपल्याला ऐकलंच नाही असं वाटलं तर तो घरोघर सह्या गोळा करत फिरतो.

2025 मध्ये कोलोरॅडोने काही सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांच्या खरेदीवर आणखी अटी घातल्या. तेव्हाही समितीपुढे दोन्ही बाजूंचे लोक आपापलं म्हणणं घेऊन आले होते. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा.