पाटीवरचं साल आणि करवहीतला मोकळा प्लॉट

न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात, पूर्वेच्या सातव्या रस्त्यावर मॅकसोर्लीज ओल्ड एल हाउस नावाचा एक आयरिश पब आहे. जमिनीवर लाकडाचा भुसा, भिंतींवर पिवळी पडलेली कात्रणं आणि फोटो. बिअर दोनच प्रकारची, फिकी किंवा गडद, आणि एक मागितली तरी दोन छोटे मग येतात. पाटीवर स्थापनेचं साल आहे १८५४.

आता हे साल खरं कशावरून? 'दिसतंच की जुनं!' हे उत्तर चालणार नाही. जुना दिसणारा आयरिश पब आज चक्क ऑर्डर देऊन मिळतो. १९९० च्या दशकात गिनेस कंपनीने आयर्लंडमधल्या पब बनवणाऱ्या डिझाइनरांना हाताशी धरून हा धंदा जगभर नेला. व्हिक्टोरियन, खेड्यातलं घर, किराणा दुकान असे ठरलेले नमुने असतात. त्यातला एक निवडायचा, मग काउंटरपासून जुन्या बाटल्यांपर्यंत सगळं आयर्लंडमध्ये तयार होऊन कंटेनरने तुमच्या शहरात हजर. तेव्हा रूपावर जायचं नाही, कागद बघायचे.

मॅकसोर्लीजच्या बाजूने कागद आहेत, तेही बरे आहेत. संस्थापक जॉन मॅकसोर्ली हा आयर्लंडमधल्या दुष्काळानंतरच्या लोंढ्यातून १८५१ साली न्यूयॉर्कला आला. म्हणजे १८५४ अशक्य नाही. १८९५ साली 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'ने हा गुत्ता चाळीस वर्षं उभा असल्याचं छापलं. पुढे १९१३ साली 'हार्पर्स वीकली'ने त्याचं वय साठ सांगितलं. दोन वेगवेगळी प्रकाशनं, मध्ये अठरा वर्षं, आणि हिशेब साधारण जुळतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी इथेच 'सिद्ध झालं' लिहून मोकळा होईल. खोटं कशाला बोला, मीही झालो असतो.

पण पुढे एका स्थानिक इतिहास अभ्यासकाने महापालिकेच्या करआकारणीच्या नोंदी काढल्या. १८६० – ६१ मध्ये या जागेवर मोकळा प्लॉट! शहराच्या डिरेक्टरीत या धंद्याचं नाव येतं ते १८६२ मध्ये.

आता एका बाजूला वर्तमानपत्रं, दुसऱ्या बाजूला करवही. कुणाचं ऐकायचं? आम्ही लॅबवाले एक गोष्ट फार मार खाऊन शिकतो. एकच नमुना तीनदा मोजला म्हणजे तीन नमुने होत नाहीत. १८९५ चा बातमीदार माहिती कुठून आणणार? बहुधा काउंटरमागच्या माणसाकडून किंवा रोजच्या गिऱ्हाइकांकडून. १९१३ चाही तिथूनच. तसं असेल तर साक्षीदार दोन दिसले तरी तोंड एकच. करवही लिहिणाऱ्या कारकुनाला मात्र पबच्या वयाशी काही देणंघेणं नव्हतं. उलट इमारत असती तर जास्त कर मिळाला असता, त्यामुळे ती 'न दिसण्यात' त्याच्या खात्याचाच तोटा होता. म्हणून माझा कौल करवहीला. मॅकसोर्लीने आधी दुसऱ्या कुठल्या जागी धंदा केला असेल, असं कुणी म्हणू शकतं. म्हणावं, पण मग तो कागद आणावा.

या पबमधली दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. बारवरच्या गॅसच्या दिव्यांवर टर्कीच्या छातीची दुबेळक्यासारखी हाडं टांगलेली आहेत. आज सांगतात ते असं की पहिल्या महायुद्धावर जाणाऱ्या पोरांनी ती लावली, परतले त्यांनी आपापली काढून नेली, उरली ती न परतलेल्यांची. ऐकताना घशात आवंढा येतो. पण १९४० मध्ये जोसेफ मिचेल यांनी 'न्यूयॉर्कर'मध्ये या पबवर लांबलचक लेख लिहिला. त्यात ही हाडं म्हाताऱ्या जॉननेच सणासुदीच्या टर्कींची साठवून ओवलेली आहेत, सैनिकांचा पत्ता नाही. (मिचेलवरही डोळे मिटून विसंबू नका. त्यांनी नंतर लिहिलेला मिस्टर फ्लड अनेक माणसं जोडून बनवलेला होता, हे त्यांनीच कबूल केलंय.) तरीही युद्धानंतर बावीस वर्षांनी, तिथे तासन् तास बसणाऱ्या लेखकाने इतकी हृदयद्रावक गोष्ट ऐकून वगळली असेल, हे मला पटत नाही.

आणि कागद जे सांगतात ते तरी पूर्ण असतं का? या पबमध्ये बायकांना प्रवेश नव्हता आणि ते मिरवलं जायचं. पण मालकीचा कागद बघा. १९३९ पासून मालक एक बाई, डोरोथी ओकॉनेल कर्वन. वडिलांकडून वारसाने पब आला आणि त्यांना दिलेल्या शब्दाखातर ती धंद्याच्या वेळात आत पाऊल टाकत नसे. फक्त मालकीहक्काचे कागद वाचणाऱ्याला वाटेल, वा, काय पुढारलेला पब! फक्त आतले फोटो बघणाऱ्याला ती दिसणारच नाही.

जानेवारी १९६९ मध्ये फेथ सायडनबर्ग आणि कॅरन डीक्रो या दोघी आत गेल्या, त्यांना बिअर नाकारली गेली आणि त्या कोर्टात गेल्या. दारूविक्रीचा परवाना सरकार देतं, मग हा भेदभाव निव्वळ खाजगी कसा, असा मुद्दा होता. जून १९७० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पाठोपाठ सार्वजनिक जागांतल्या अशा भेदभावाला बंदी घालणाऱ्या शहराच्या कायद्यावर महापौर लिंडसे यांनी सही केली आणि १० ऑगस्टला दार उघडलं. पहिली बिअर घेण्याचा मान डोरोथीला देऊ केला होता. तिने तो नाकारला. महिलांसाठी वेगळं स्वच्छतागृह व्हायला १९८६ उजाडलं.