माशाचा पैसा नदीकडे कसा वळला

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एखाद्या छोट्या नदीवर सॅमन माशांसाठी काम करायचं असेल, तर सुरुवात आपल्या खोऱ्याच्या स्थानिक समितीपासून करावी लागते. रस्त्याखालची मोरी बदलायची असो, काठावरचा भराव काढायचा असो की पुराच्या पाण्याखाली जाणारी जमीन विकत घ्यायची असो, प्रस्ताव तिथूनच निघतो. तांत्रिक गट जागेवर येऊन पाहतो, नागरिकांची समिती प्राधान्यक्रम लावते, राज्याची छाननी समिती पुन्हा तपासते आणि मग 'सॅमन रिकव्हरी फंडिंग बोर्ड' पैसे मंजूर करतं. साधारण १५ टक्के लोकवाटा अर्जदाराने उभा करायचा, खर्च आधी करायचा आणि बिलं लावून परतफेड मागायची. महाराष्ट्रात पाणलोटाची कामं जवळून पाहिलेल्या माणसाला यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल.

नियमपुस्तक म्हणून वाचलं तर हे सगळं रुक्ष आहे. पण त्यातली बरीचशी कलमं कुठल्या ना कुठल्या जुन्या पराभवातून आलेली आहेत. सॅमनसाठी सरकारी पैसा जवळजवळ दीडशे वर्षं खर्च होतो आहे. सॅमनच्या नदीसाठी तो नियमाने खर्च व्हायला लागून मात्र जेमतेम पाव शतक झालं. मधली सव्वाशे वर्षं तो कुठे गेला, हे समजल्याशिवाय आजच्या अर्जातले रकाने कळत नाहीत.

कोलंबिया नदीवर मासा डबाबंद करणारा पहिला कारखाना १८६६ मध्ये उभा राहिला. पुढच्या काही वर्षांत कारखाने झपाट्याने वाढू लागले आणि मासा कमी होण्याची चिंता वाटू लागली. तेव्हा सरकारला सल्ला दिला तो अमेरिकेचे मत्स्य आयुक्त स्पेन्सर बेअर्ड यांनी. १८७५ मध्ये त्यांनी मांडलं की मासेमारीवर बंधनं घालणारे कायदे पाळले जाणं अवघड आहे. त्यापेक्षा अंडी गोळा करून पिल्लं तयार करावीत आणि नदीत सोडावीत. हा सल्ला सगळ्यांनाच सोयीचा होता. कारखानदारांना जाळी आवरावी लागणार नव्हती, लाकूडवाल्यांना जंगल राखावं लागणार नव्हतं आणि सरकारला कुणाचा रोष पत्करावा लागणार नव्हता. सॅमनवरच्या सार्वजनिक खर्चाला पहिली दिशा मिळाली ती इथे: नदी कशीही राहो, मासा आपण तयार करू.

ही दिशा कुठवर गेली ते ऑलिंपिक द्वीपकल्पावरच्या एल्व्हा नदीवर दिसतं. मासे जातात तिथल्या बांधाला माशांसाठी वाट ठेवलीच पाहिजे, असा राज्याचा कायदा १८९० पासून होता. तरीही उद्योजक थॉमस ऑल्डवेल यांचं धरण १९१३ मध्ये अशा वाटेशिवाय पुरं झालं, तेही समुद्रापासून आठेक किलोमीटरवर. म्हणजे जवळजवळ सगळी नदी माशांसाठी बंद. त्या वेळचे राज्याचे मत्स्य आयुक्त लेस्ली डार्विन यांनी तोडगा काढला की वाट नको, त्याऐवजी धरणाच्या पायथ्याशी मत्स्यबीज केंद्र काढा. कायदाही त्याप्रमाणे वाकवला गेला. १९२२ मध्ये ते केंद्र बंद पडलं. धरण उभंच राहिलं, आणि ते पाडायला सुरुवात झाली ती २०११ मध्ये. नदीच्या बदल्यात मत्स्यबीज केंद्र हा सौदा होता; केंद्र सात-आठ वर्षांत संपलं आणि नदी शतकभर बंद राहिली. आजच्या अर्जात 'नैसर्गिक प्रक्रिया पूर्ववत होईल का' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, त्यामागे असे सौदे आहेत.

पुढे धरणं मोठी होत गेली. ग्रँड कूली धरणाला माशांसाठी पायऱ्याच नाहीत. तिथून वरची कोलंबिया समुद्रातून येणाऱ्या सॅमनला कायमची बंद झाली. १९३८ च्या मिचेल कायद्याने कोलंबियातल्या सॅमनसाठी केंद्राचा पैसा खुला केला, पण त्यातलाही मोठा वाटा मत्स्यबीज केंद्रांकडेच गेला. सिएटलजवळ बेलव्ह्यू-रेडमंड भागात राहणारी मराठी कुटुंबं ऑक्टोबरात मुलांना घेऊन इसाक्वाच्या केंद्रात सॅमन पाहायला जातात, ते केंद्रही याच काळातलं, १९३६ चं. मुलांनी तो मासा जरूर पाहावा. फक्त काचेमागचा मासा म्हणजे सॅमनची गोष्ट पुरी झाली, असं त्यांना वाटू नये.

याच वंशावळीत एक शाखा अशी आहे की तिच्याबद्दल वाचताना मन खट्टू होतं. विसाव्या शतकाच्या मध्याला मत्स्यखात्यांनी ओढ्यांची 'सफाई' हाती घेतली. ओढ्यात पडलेली झाडं, अडकलेल्या ओंडक्यांचे ढीग माशांची वाट अडवतात, अशी समजूत होती. शिवाय लाकूडतोडीने काही ठिकाणी खरोखरच कचऱ्याचे डोंगर साचले होते. म्हणून सरकारी पैशाने, माशांच्या भल्यासाठी, ओढे मोकळे केले गेले. सत्तरच्या दशकानंतर संशोधकांना उलगडलं की त्या ओंडक्यांमुळेच डोह तयार होत होते, रेती-गोटे थांबत होते, पिल्लांना प्रवाहापासून आडोसा मिळत होता. मोकळा केलेला ओढा म्हणजे पन्हाळ: पाणी सुसाट जातं आणि अंडी घालायला योग्य असे गोटे बरोबर नेतं. आज बोर्डाच्या पैशातून ज्या कामांवर मोठा खर्च होतो, त्यात ओढ्यात ओंडके परत ठेवण्याचं काम आहे. मुळांच्या जुडग्यासकट आणलेली झाडं, तळात ठोकलेले खांब, खालच्या अंगाला पूल असेल तर ओंडके सुटून त्यावर आदळणार नाहीत याची आकडेमोड. काम उन्हाळ्याच्या ठरावीक आठवड्यांतच करायचं. यंत्र पाण्यात उतरवण्याआधी वर-खाली जाळी बांधून तेवढ्या पट्ट्यातले मासे पकडायचे, बादल्यांतून दुसरीकडे नेऊन सोडायचे आणि मगच खोदायचं. एका पिढीने सद्हेतूने काढलेलं दुसरी पिढी पुन्हा बसवते आहे, दोन्ही वेळा लोकांच्या पैशाने. छाननी समितीकडे एखाद्या प्रस्तावावर 'चिंताजनक' असा शिक्का मारण्याचा अधिकार आहे. काही अर्जदारांना तो जाचक वाटत असेल. मला तो आवश्यक वाटतो, कारण ओढ्यांच्या सफाईवर असा शिक्का मारायला कुणी नव्हतं.

आता दुसरा धागा, आणि माझ्या मते या साऱ्याचा कणा. २६ डिसेंबर १८५४ रोजी मेडिसिन क्रीक इथे निस्क्वाली, पुयालप आणि इतर मूळनिवासी जमातींनी करार करून आपली बहुतेक जमीन सोडली. आपल्या नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क मात्र सोडला नाही. पुढे राज्य सरकारने तो हक्क जणू नाहीच असं मानलं. निस्क्वाली नदीवर मासे धरल्याबद्दल निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना पहिली अटक झाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. पुढे अशा अटका पन्नासच्या वर गेल्या. साठच्या दशकात नदीत जाळी टाकून सत्याग्रहासारखी आंदोलनं झाली, लाठ्या चालल्या. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की कराराने बांधलेल्या जमातींना धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा मिळाला पाहिजे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा गाभा कायम ठेवला.

निम्मा वाटा, पण कशाचा? नदीत मासाच उरला नाही तर शून्याचा निम्मा शून्यच. जमातींनी हाच प्रश्न २००१ मध्ये रस्त्याखालच्या मोऱ्यांवरून न्यायालयात नेला. अरुंद नळातून पाणी जोराने बाहेर फेकलं जातं, तोंडाशी खड्डा पडतो, नळ हवेत लोंबकळतो आणि कोहो जातीच्या सॅमनच्या बोटभर पिल्लाला ती उडी घेता येत नाही. पलीकडचे किलोमीटरचे किलोमीटर ओढे चांगले असून वाया जातात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं चार-चार अशी समान पडली आणि राज्याने आपल्या मोऱ्या दुरुस्त कराव्यात हा खालचा आदेश टिकला. करारातल्या हक्कात माशाचं घरही येतं, हे सरकारला असं न्यायालयामार्फत शिकावं लागलं.

पैसे वाटणाऱ्या कार्यालयाचं मूळ मात्र भलतीकडे आहे. १९६४ मध्ये राज्यातल्या मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला: हौशी नावाडी पेट्रोलवर जो रस्ताकर भरतात आणि परत मागत नाहीत, तो पाण्याकाठच्या सुविधांवर खर्च करावा. त्यासाठी जी आंतरखाते समिती झाली, तीच पुढे उद्यानं, पायवाटा, वन्यजीव अधिवास यांना अनुदान देत देत आजचं रिक्रिएशन अँड कॉन्झर्व्हेशन ऑफिस बनली. बोर्डाची कचेरी तिच्यातच आहे. करार, बिलं, जागापाहणी, जमिनीच्या खरेदीखतावरच्या अटी हा कारभार या लोकांना आधीच येत होता. सॅमनसाठी नवं खातं काढलं असतं तर पहिली पाच वर्षं फॉर्म छापण्यात गेली असती.

ठिणगी पडली ती नव्वदच्या दशकात. १९९१ मध्ये स्नेक नदीचा सॉकाय सॅमन संकटग्रस्त ठरला; पुढच्याच वर्षी आयडाहोतल्या रेडफिश तलावात एकच नर परत आला. १९९९ च्या मार्चमध्ये प्यूजेट साउंडचा चिनूक सॅमन केंद्राच्या संकटग्रस्त यादीत आला, म्हणजे सिएटलसारख्या महानगराच्या दारात कायदा उभा राहिला. गव्हर्नर गॅरी लॉक यांच्या सरकारने १९९८ मध्ये सॅमन पुनरुज्जीवनाचा कायदा केला होता, १९९९ मध्ये बोर्ड स्थापन झालं आणि २००० मध्ये काँग्रेसने पॅसिफिक किनाऱ्यावरच्या राज्यांसाठी आणि जमातींसाठी वेगळा निधी सुरू केला. शेजारच्या ओरेगनमध्ये १९९८ मध्ये मतदारांनी लॉटरीच्या उत्पन्नातला १५ टक्के वाटा उद्यानांना आणि सॅमनच्या कामांना दिला होता.

बोर्डाचे पहिले अध्यक्ष विल्यम रकलसहाउस. केंद्राच्या पर्यावरण संस्थेचे पहिले प्रमुखही तेच. वरून हुकूम सोडायचा मार्ग त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नसेल. तरीही ही रचना उलट्या टोकाने बांधली गेली: कामं खोऱ्याने सुचवायची, समितीत काउंटी, शहरं, जमाती, जमीनमालक, व्यावसायिक, पर्यावरणवाले असे सगळे बसवायचे आणि जमीनमालक राजी असेल तरच पुढे जायचं. हे संथ आहे. चांगलं काम एका मालकाच्या नकारामुळे वर्षानुवर्षं अडतं. तरीही मला ही निवड बरोबर वाटते, कारण नदीकाठची बरीच जमीन खाजगी आहे, आणि आज लावलेलं रोप सावली धरेपर्यंत ती कुणीतरी राखायला हवी.

निस्क्वाली खोऱ्यात कामांच्या यादीचं संयोजन करते ती निस्क्वाली जमात. ज्यांच्या मुलांना जाळं टाकल्याबद्दल तुरुंगात टाकलं, तेच आता कुठल्या कामाला आधी पैसे मिळावेत ते ठरवायला सगळ्यांना एका टेबलाशी बसवतात. २००९ मध्ये नदीच्या मुखाशी जुना बांध फोडला आणि ७६२ एकरांत भरतीचं पाणी परत आलं. तिथल्या अभयारण्याला आता बिली फ्रँक ज्युनियर यांचं नाव आहे.

मासे परत आले का? सरसकट नाही. हूड कॅनॉलचा उन्हाळी चम सॅमन सावरतो आहे. प्यूजेट साउंडचा चिनूक अजून गंभीर संकटात आहे. अशा वेळी विधिमंडळात पहिला प्रश्न येतो की कामानंतरच्या मोजणीवर पैसे कशाला, तेवढ्यात आणखी एक मोरी होईल. यावर सिएटलच्या लाँगफेलो ओढ्याचं उत्तर द्यावं. शहरातले ओढे सुधारल्यावर मासे येतात का हे पाहायला लोक काठाने फिरू लागले आणि त्यांना दिसलं की कोहो येतात, पण अंडी घालण्याआधीच मरतात. कारण शोधायला वीसेक वर्षं लागली. डिसेंबर २०२० मध्ये संशोधकांनी जाहीर केलं की टायरच्या झिजेतून येणारं एक रसायन पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतं आणि कोहोला मारतं. तेच पाणी माती-वाळूच्या थरातून गाळून सोडलं तर मासे वाचतात, हे प्रयोगांत आधीच दिसलं होतं.

मोजायला कुणी गेलं नसतं तर त्या ओढ्यात आणखी ओंडके टाकले गेले असते आणि पूर्ण झालेल्या कामांत एकाची भर पडली असती. रस्त्यावरच्या पाण्याच्या कामांचा पैसा मुख्यतः राज्याच्या इकॉलॉजी खात्याकडून येतो, अधिवासाचा बोर्डाकडून. शहरी खोऱ्यांत तरी या दोन्ही याद्या एकाच बैठकीत लावाव्यात: वरच्या अंगाचा रस्ता गाळणीला जोडलेला नसेल, तर खालच्या ओढ्यातल्या ओंडक्यांच्या प्रस्तावाने एक वर्ष थांबावं.