शीर्षमुद्राक्षरे, देवनागरी

मथळे, जाहिराती, भित्तिपत्रके व नामफलक यांसाठी वापरण्यात येणारी मोठी व ठळक मुद्राक्षरे. त्यांतील एक प्रकार म्हणजे ठळक, तिरपे व टोकरेषाविरहित म्हणजेच सॅन्स-सेरिफ वळण. हे वळण मूळचे रोमन लिपीतील. तिरपे इटॅलिक अक्षर १५०० च्या सुमारास व्हेनिसमध्ये आल्डस मानूशियस याच्या मुद्रणालयात धावत्या हस्तलेखनावरून तयार झाले, तर टोकरेषाविरहित खिळा लंडनमध्ये १८१६ मध्ये विल्यम कॅझलन (चौथा) याच्या नमुन्यांत आढळतो.

मराठीत स्थिती निराळी होती. येथे जलद लेखनासाठी मोडी ही स्वतंत्र लिपी प्रचारात होती व बाळबोध अक्षर सावकाश, सरळ लिहिले जाई. त्यामुळे तिरप्या देवनागरी खिळ्यास स्वतःच्या लेखनपरंपरेचा आधार मिळाला नाही. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयासाठी (स्थापना १८६९) जावजी दादाजी व राणोजी रावजी आरू यांनी घडविलेले सुबक खिळे बोरूच्या जाडबारीक रेषांवर आधारलेले होते.

देवनागरी अक्षर ठळक करताना क, ध, श यांतील गाठी व पोकळ्या बुजतात आणि जोडाक्षरे ओळखणे कठीण होते. शिवाय शिरोरेखेच्या वर व अक्षराखाली येणाऱ्या स्वरचिन्हांस जागा ठेवावी लागत असल्याने मूळ अक्षर लहान पडते. तिरपेपणात शिरोरेखा आडवीच राहते व दंड मात्र कलतात. परिणामी वेलांटी, मात्रा व उकार आपल्या अक्षरापासून सरकल्यासारखे वाटतात. सरळ अक्षर यांत्रिकपणे कलविल्यास वळणांवरील जाडीही विस्कटते. म्हणून प्रत्येक अक्षर नव्याने रेखाटणे इष्ट ठरते.

खिळ्यांची ही उणीव मुंबईत हस्तरेखनाने भरून काढली. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना आशयानुरूप वळणे दिली. रायगडाला जेव्हा जाग येते हे त्यांपैकी एक होय. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी सुलेखनाची दृष्टी संगणकीय मुद्राक्षरांत आणली. मंगल हा टंक त्यांचाच. मुंबईतील एक टाइप या संस्थेचे मुक्ता व बालू हे मुक्त परवान्याचे टंक आहेत. मुक्ता सात जाडींत उपलब्ध आहे. तथापि या दोहोंना तिरपे रूप दिलेले नाही.

वेग, सवलत वा स्पर्धा सूचित करणाऱ्या जाहिरातींत ठळक तिरपे वळण परिणामकारक ठरते. नामफलकावर मात्र सुवाच्यता मोलाची असते. नेरूळ–उरण लोहमार्गावरील उलवे परिसरातील बामणडोंगरी व खारकोपर ही स्थानके (२०१८) नव्या वस्तीसाठी झाली. अशा ठिकाणी अनोळखी प्रवाशाला चालत्या गाडीतून नाव वाचावे लागते. तेथे सरळ, मोकळ्या पोकळ्यांचे अक्षरच उपयुक्त होय.