'नाबेल'चे मराठी : कोमेजणे की गळणे?

सुकण्याचा अर्थ हिब्रू बायबलात प्रामुख्याने दोन क्रियापदे वाहतात : 'याबेश' आणि 'नाबेल'. 'याबेश'चा रोख ओल आटण्याकडे आहे; नदी, गवत, माणसाचा हात, सारे त्याच क्रियापदाने वाळते. 'नाबेल' हे मुख्यतः पानाफुलांचे. तजेला जाणे आणि देठापासून सुटणे, हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत. स्तोत्र १:३ मधील नदीकाठच्या झाडाचे पान आणि यशया ४० मधील फूल, दोहोंसाठी हेच क्रियापद येते. इ. स. पूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक भाषांतरकारांनी दोन्ही ठिकाणी 'गळणे' हाच अर्थ पत्करला. पेत्राच्या पहिल्या पत्रातील गळणारे फूल या भाषांतराचाच वारसा होय. याकोबाच्या पत्रात धनिकाच्या अंतासाठी येणारे 'मारैनो' मात्र वेगळ्या कुळीचे. त्याचा जुना संबंध आग विझण्याशी आहे.

मराठीत कोमेजणे, सुकणे, वाळणे, गळणे, झडणे या छटा सुट्या असल्यामुळे भाषांतरकाराला निवड टाळता येत नाही. १८११ च्या श्रीरामपूरच्या नव्या करारापासून १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या पंडिता रमाबाईंच्या मूळ भाषांवरून केलेल्या बायबलापर्यंत हा पेच प्रत्येकापुढे होताच. प्रचलित मराठी बायबल वरील दोन्ही जागी 'कोमेजणे' वापरते. एका मूळ शब्दाला एकच प्रतिशब्द, ही शिस्त आदरणीय खरी. पण ती वाचकाच्या भूमीवर तपासून पाहावयास हवी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश एपिस्कोपल मिशन चांद्यास आले. आजचे चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, हा पानगळीच्या जंगलाचा मुलूख. येथे साग उघडा पडतो तो मरण्यासाठी नव्हे. मोहाचे फूल तर ताजे असतानाच गळते. पहाटे ते वेचायचे, मग वाळवून साठवायचे. गळणे येथे अन्नाचे आगमन आहे! यशयाच्या फुलाला 'गळणे' लावले, तर त्यातील क्षणभंगुरतेचा विषाद या वाचकाकडे पोहोचण्याची शक्यता कमीच. तेथे 'कोमेजणे'च योग्य.

स्तोत्रात स्थिती उलटी आहे. उन्हाळ्यात सभोवारचा साग निष्पर्ण असताना नाल्याकाठची जांभूळ हिरवी राहते. पाण्याकाठच्या झाडाचे पान 'गळत नाही' असे म्हटले, की स्तोत्रकाराची प्रतिमा येथे डोळ्यांपुढे उभी राहते. 'कोमेजत नाही' ती केवळ टवटवीत ठेवते.