गोष्टीच्या तासाला मुलं कुठे बसायची?

इतिहासाचं साधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पत्रं, बखरी, दफ्तरं, सरकारी अहवाल. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हापासून साधन म्हणजे कागद हे आपल्या मनात पक्कं बसलंय. मग बाकडं हे साधन होऊ शकतं का? गालिचा? जमिनीत दीड फूट खाली उतरवलेला चौक?

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण नेमकं यावर आहे. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांच्या ग्रंथालयांत गोष्ट ऐकायला मुलांना बसवायची जागा कशी बदलत गेली, हा विषय. तो सांगितला की लोक हसतात. "सतरंजी टाकायची, झालं! त्यात कसला आलाय इतिहास?" पण हा प्रश्न चांगला आहे. आपल्याला जे इतकं उघड वाटतं, ते दुसरीकडे तसं नसतं. या पोस्टमध्ये मी माझी एक चूक सांगणार आहे. संशोधनाला सुरुवात करताना तीच चूक तुम्हीही कराल, अशी दाट शक्यता आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. गोष्टीचा तास शाळेत येण्याआधी सार्वजनिक ग्रंथालयात रुजला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत अनेक अमेरिकन ग्रंथालयांत लहान मुलांना सभासदच होता येत नसे. हे चित्र शतक संपता संपता बदललं. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाची नवी इमारत १८९६ मध्ये उघडली. तिच्यात मुलांसाठी मुद्दाम आखलेली खोली होती आणि अ‍ॅन कॅरल मूर तिच्या प्रमुख होत्या. पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात १८९९ मध्ये गोष्टीचा तास नियमित सुरू झाला. पुढे ही कल्पना अटलांटिक ओलांडून ब्रसेल्स आणि पॅरिसला पोचली. पॅरिसचं 'लर झ्वायोझ' हे मुलांचं ग्रंथालय १९२४ मध्ये अमेरिकन देणगीतून उभं राहिलं.

आता त्या काळातले फोटो बघा. बऱ्याच फोटोंत मुलं खुर्च्यांवर किंवा बाकांवर रांगेनं बसलेली दिसतात, समोर गोष्ट सांगणारी बाई. साठ-सत्तर वर्षांनंतरच्या शाळांचे फोटो बघा: मुलं गालिच्यावर, कुणी मांडी घातलेलं, कुणी पालथं पडलेलं. पहिल्या मसुद्यात मी झटकन लिहून टाकलं: "बाकं म्हणजे शिस्त, गालिचा म्हणजे मोकळीक." वाक्य मला फार आवडलं होतं. गाइड मॅडमनी त्याच्याभोवती गोल केला आणि शेजारी दोनच शब्द लिहिले: "कशावरून? कोणासाठी?"

आधी 'कशावरून' बघू.

अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून अमेरिकेत दीड हजारांहून जास्त ग्रंथालयं बांधली गेली. त्यांचे सचिव जेम्स बर्ट्राम यांनी १९११ मध्ये इमारत कशी असावी याच्या सूचनांची एक पुस्तिका काढली. तिच्यात मुख्य मजला मोकळा, एका बाजूला मोठ्यांची जागा, दुसऱ्या बाजूला मुलांची, आणि मधल्या टेबलावरून एकाच ग्रंथपालाची सगळीकडे नजर, अशी मांडणी होती. खाली तळघरात व्याख्यानाची खोली. आता विचार करा, अशा इमारतीत गोष्ट सांगायची कुठे? वर सांगितली तर वाचणाऱ्यांना त्रास. मग जिथे आवाज चालतो ती खोली गाठायची, म्हणजे व्याख्यानाची. आणि व्याख्यानाच्या खोलीत काय असतं? रांगेत मांडलेल्या खुर्च्या! म्हणजे फोटोतल्या रांगा मुलांना शिस्त लावायला मांडल्या असतीलच असं नाही. कदाचित ती खोलीच उसनी होती. हा माझा तर्क आहे आणि प्रत्येक इमारतीसाठी तो नकाशावर ताडून बघावा लागतो. पण तर्क तपासता तरी येतो. 'बाकं म्हणजे शिस्त' हे वाक्य तपासणार कसं?

दुसरं कारण मला अगदी उशिरा सुचलं. त्या सुरुवातीच्या काळात गोष्ट मुख्यतः तोंडी सांगितली जायची. हातात पुस्तक नसे. ऐकायला मागची रांगही चालते, आवाज पोचला की झालं. पुढे चित्रांची पुस्तकं बहरली. वांडा गागचं 'मिलियन्स ऑफ कॅट्स' १९२८ मध्ये आलं, चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डिकॉट पदक १९३८ मध्ये सुरू झालं. शाळेत न जाणाऱ्या चिमुरड्यांसाठी चित्रपुस्तकांचे वेगळे तासही याच दशकात सुरू झाले. आता गोष्ट बघायचीही होती. पान हातभर रुंद, तेही धरलेलं एका बाईच्या हातात. फार कडेला बसलं तर चित्र तिरकं दिसतं, मागे बसलं तर पुढच्याचं डोकं आड येतं. मग मुलांनी जवळ, खाली, दाटीवाटीनं बसणं सोयीचं ठरतं. म्हणजे बैठक बदलण्यामागे बालपणाबद्दलचे विचार असतीलही, पण पुस्तकाचा आकारही आहे.

मग शाळा आली. अमेरिकन शालेय ग्रंथपालांच्या संघटनेनं १९६० मध्ये शाळांच्या ग्रंथालयांसाठी नवे मापदंड दिले. १९६५ च्या शिक्षण कायद्यानं शालेय ग्रंथालयांच्या साहित्यासाठी पहिल्या वर्षाला १० कोटी डॉलरची तरतूद केली. सार्वजनिक ग्रंथालयात मूल आपणहून यायचं. शाळेत मात्र वेळापत्रकाप्रमाणे अख्खा वर्ग एकदम येतो. त्यामुळे एक सबंध वर्ग मावेल अशी ठरावीक जागा लागू लागली. त्याच सुमारास भिंती नसलेल्या खुल्या वर्गांची लाट होती. फोर्ड फाउंडेशननं १९५८ मध्ये स्थापन केलेली एज्युकेशनल फॅसिलिटीज लॅबोरेटरीज ही संस्था आवाज शोषून घ्यायला शाळेत गालिचे टाका असं सुचवत होती. गालिचा आला तसं जमिनीवर बसणं सोपं झालं. आपल्याकडे जमिनीवर बसणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, तिथे मात्र त्यासाठी जमिनीलाच गादी चढवावी लागली. काही शाळांनी पुढची पायरी गाठली आणि ग्रंथालयाच्या मध्ये जमीनच खाली उतरवली. चारी बाजूंनी गालिचा चढवलेल्या पायऱ्या, आत मुलं, काठावर गोष्ट सांगणारी. याला 'स्टोरी पिट' म्हणायचे.

खरं सांगू? मी याच्या प्रेमात पडलो होतो. भिंत न घालता खोली तयार होते, मागच्या पायरीवरच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं, आणि बाईंना सगळे चेहरे दिसतात. माझ्या 'मोकळीक' या शब्दाला याहून चांगला पुरावा कोणता?

इथे मॅडमचा दुसरा शब्द आडवा आला. कोणासाठी?

१९७५ मध्ये अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि सरकारी शाळांवर या मुलांना योग्य शिक्षण देण्याची जबाबदारी आली. १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा आला. आता व्हीलचेअरवरचं एक मूल त्या खड्ड्याच्या काठाशी आणून बघा. समजा खड्डा १८ इंच खोल आहे. नियमानुसार उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे उतरणच १८ फूट. वर आणि खाली पाच-पाच फूट सपाट जागा सोडायची. झाले २८ फूट! एवढा उतार घातला तर खड्डा उरतो कुठे? उतार नाही घातला, तर ते मूल काठावर, सगळ्यांच्या मागे, मोठ्या माणसांच्या शेजारी थांबणार. त्याला गोष्ट ऐकू येईल. पण कुजबुज, कोपरखळ्या, एकदम फुटलेलं हसू हे सगळं खाली चाललेलं असेल.

मी इतके महिने पायऱ्या बघत होतो आणि पायऱ्याच आहेत हे मला दिसलं नव्हतं.

तोच प्रश्न मागे नेला तर जुने फोटोही बदलतात. वर्णभेदाच्या काळात दक्षिणेकडच्या राज्यांतल्या बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत कृष्णवर्णीय मुलांना आत बसायलाच मिळत नव्हतं. लुइव्हिल शहरात त्यांच्यासाठी १९०५ मध्ये वेगळी शाखा सुरू झाली, १९०८ मध्ये तिला कार्नेगीच्या पैशातून स्वतःची इमारत मिळाली, आणि थॉमस फाउंटन ब्लू यांच्या हाताखाली ती कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनीच चालवली. तिथल्या मुलाला स्वतःच्या शाखेत मिळालेलं बाक शिस्तीचं वाटलं असेल की हक्काचं? माझ्या त्या आवडत्या वाक्यात या मुलासाठी जागाच नव्हती. ते मी काढून टाकलं.

आजची गोष्टीची जागा आखणारे आता वेगळा हिशेब करतात. जमीन सपाट. गालिच्याची लव अर्ध्या इंचापेक्षा उंच नको, नाहीतर चाकं रुततात. व्हीलचेअरसाठी ३० बाय ४८ इंच मोकळी जागा, वळायला पाच फुटांचं वर्तुळ. आणि ही जागा कडेला न ठेवता मुलांच्या मध्ये ठेवायची. नुसती मापं पाळून हे शेवटचं साधत नाही, त्यासाठी आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते मूल असावं लागतं.

तर तुम्ही जेव्हा एखादी वस्तू, फोटो किंवा नकाशा साधन म्हणून हातात घ्याल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. एक, ही गोष्ट अशीच असण्याला काही साधं, कामाचं कारण आहे का: खोली उसनी आहे का, पान लहान आहे का, जमीन गार आहे का? दोन, माझ्या घरची सवय मी या फोटोत बघतोय का? तीन, इथे बसायला कोण येऊच शकत नव्हतं? तिसऱ्याचं उत्तर फोटोत सापडत नाही. त्यासाठी नियम, कायदे आणि मोजपट्टी घेऊन बसावं लागतं.

विषय दूरचा वाटत असेल तर जवळचा घ्या. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. ज. स. कुडाळकरांनी त्या चळवळीवर १९१९ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते उघडा आणि मुलांबद्दल जिथे जिथे लिहिलंय तिथे थांबून विचारा: ही मुलं बसायची कशावर? कोणाची मुलं होती ती? आणि दारातून कोण परत जायचं?