हजेरीपटातील मौन : ऋतुकाल, शाळा आणि शब्द

कोचीन संस्थानातील त्रिपुणित्तुरा येथील सरकारी मुलींच्या शाळेत १९१२ सालच्या जानेवारीत एक लहानसा प्रशासकीय प्रश्न उपस्थित झाला. वार्षिक परीक्षेस बसण्यासाठी ३०० दिवसांची हजेरी आवश्यक होती. आणि ऋतुकालात विद्यार्थिनी काय, शिक्षिका काय, शाळेत येत नसत. मुख्याध्यापकांनी ही गोष्ट वरिष्ठांच्या कानी घातली व अशा मुलींना मागाहून परीक्षा देण्याची मुभा मिळाली. पी. भास्करनुण्णी यांच्या एकोणिसाव्या शतकातील केरळविषयक ग्रंथात ही नोंद आढळते. सवलत मुलीला शाळेत आणणारी नव्हती, तिची अनुपस्थिती क्षम्य ठरविणारी होती, हे खरे. तथापि ‘गैरहजर’ या शब्दामागील कारण येथे सरकारी कागदावर उमटले, हे विशेष होय. एरवी ते उमटत नसे.

मराठीपुरते पाहिले तर याला शब्दांची उणीव कारण नव्हती. ‘विटाळशी’, ‘अस्पर्शा’, ‘बाहेरची होणे’, ‘बाजूला बसणे’, ‘कावळा शिवणे’, ‘अडचण येणे’ असा भरगच्च शब्दसमूह भाषेत आहे. परंतु त्याचे अर्थक्षेत्र तपासले असता हे शब्द बहुतांशी स्पर्श व स्थान यांविषयीच बोलतात असे दिसते : कोणी कोणाला शिवावे, कोणी कोठे बसावे. कापड, पाणी, खर्च यांचा त्यांत मागमूस नाही. ‘अडचण’ हा अपवाद वाटेल. पण ती अडचण स्वयंपाकाची आणि देवपूजेची, मुलीची क्वचितच. विटाळाच्या कल्पनेवर आघात झाले नाहीत असेही नाही. चौदाव्या शतकातील सोयराबाईंच्या नावे असलेल्या अभंगात तो आहे, आणि र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ पर्यंत शरीराविषयी निःसंकोच बोलत राहिले. मात्र विटाळ खोटा ठरल्याने मुलीच्या हाती स्वच्छ कापड येत नाही. जुन्या लुगड्याची घडी धुवावी कोठे, ती कोणाच्या दृष्टीस न पडता वाळवावी कशी, आणि शाळेच्या पाच-सहा तासांत पाणी नसलेल्या शौचालयात ती बदलावी कशी, हे प्रश्न निराळे आहेत. गावची प्राथमिक शाळा संपून पुढच्या शाळेची वाट लांबते, नेमक्या त्याच वयात ते उभे राहतात.

शासनाने हा प्रश्न वस्तुरूपाने हाती घेतला तो अलीकडे. २०११ साली केंद्राने निवडक जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्यांमार्फत ६ पॅडांचे पाकीट ६ रुपयांस देण्यास आरंभ केला; पाकिटाचे नाव ‘फ्रीडेज’. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ रोजी जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वर्षांच्या मुलींसाठी ८ पॅड ५ रुपयांत देणारी योजना सुरू झाली. वितरण बचत गटांकडे, नाव ‘अस्मिता’. तमिळनाडूत ‘पुदु युगम’ म्हणजे नवे युग, ओडिशात ‘खुशी’, कर्नाटकात ‘शुचि’. यांपैकी एकाही नावावरून योजना कशाची हे कळत नाही. ‘शुचि’ तर सरळ शुद्धाशुद्धतेच्या कोशातूनच उचललेला शब्द! संकोची मुलीला असे आडनाव सोयीचे, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हे. परंतु जी वस्तू नाव घेऊन मागता येत नाही, तिचा पुरवठा थांबल्यास तक्रारही नाव घेऊन करता येत नाही. करांच्या वर्गवारीतही हीच दृष्टी दिसली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा कुंकू व बांगड्या करमुक्त राहिल्या आणि सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर बसला. तो वर्षभराने, जुलै २०१८ मध्ये, उठला.

परदेशांतील दोन कायदे या संदर्भात पाहण्याजोगे आहेत. स्कॉटलंडच्या संसदेने नोव्हेंबर २०२० मध्ये एकमताने संमत केलेल्या कायद्याच्या शीर्षकातच मासिक पाळीच्या साधनांचा स्पष्ट उल्लेख आहे. तो ऑगस्ट २०२२ मध्ये पूर्णतः अमलात आला. केनियाने २०१७ साली केलेली दुरुस्ती आरोग्याच्या नव्हे, मूलभूत शिक्षणाच्या कायद्यात आहे. सार्वजनिक शाळेत नाव दाखल असलेल्या व वयात आलेल्या प्रत्येक मुलीला विनामूल्य, पुरेसे व चांगल्या प्रतीचे पॅड देणे, तसेच त्यांच्या विल्हेवाटीची सुरक्षित सोय करणे, ही जबाबदारी तिने शासनावर टाकली आहे.