वाळलेल्या फुलाचा इतिहास : निर्माल्य ते रेझिनमधील वरमाला

१/ लग्नातील वरमाला वाळवून पारदर्शक रेझिनमध्ये बसवायची आणि घरात कायमची मांडून ठेवायची, ही रीत अलीकडे महाराष्ट्रातही रुळू लागली आहे. परंपरेच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. आपल्याकडे वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते. त्याची जागा वाहत्या पाण्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी. फूल सोडून देणे हाच त्याचा मान.

२/ तरीही अपवाद होतेच. देवाच्या प्रसादाचे फूल पोथीच्या पानांत जाई. बकुळीचा गजरा वाळल्यावरही गंध राखतो, म्हणून तो कपड्यांच्या घडीत ठेवला जाई. सोनचाफा पाण्याने भरलेल्या काचेच्या बाटलीत बुडवून ठेवत. बकुळीत गंध टिकला, चाफ्यात आकार, पोथीत श्रद्धा. सारे एकत्र कुठेच टिकले नाही.

३/ फुलाला कुजवतो तो ओलावा. दाबलेल्या फुलातील ओलावा कागद शोषून घेतो आणि पाकळी सपाट होऊन वाळते. दाबून जपण्याचे याहून कितीतरी प्राचीन उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील माजरीच्या भूगर्भात आहे.

४/ माजरीचा कोळसा वर्धा खोऱ्यातील गोंडवन थरांतला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. अशा थरांतील खडकांत ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे, शिरांच्या जाळीसह, आढळतात. गाळाच्या भाराने तेथे कागदाचे काम केले. मात्र त्या थरांत फूल नाही. फुलझाडे तेव्हा पृथ्वीवर अवतरलीच नव्हती.

५/ आज याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यात फूल वाळवणे म्हणजे मुख्यतः मोह. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे गळलेली फुले वेचून उन्हात वाळवतात. रसाळ, फिकट फूल मनुक्यासारखे तपकिरी होते आणि पुढे अनेक महिने पुरते. ही साठवण स्मृतीसाठी नसून पोटासाठी असते.

६/ स्मृतीला शिस्त लावली ती वनस्पतिशास्त्राने. सोळाव्या शतकात इटलीतील पिसा येथे लुका गिनी यांनी वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटवण्याची पद्धत रूढ केली, असे मानले जाते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम १९०६ पासूनचे. अशा संग्रहांत फुलाचा रंग उडतो, तरी त्याचे मोल उणावत नाही. कारण शेजारच्या चिठ्ठीवर नाव, ठिकाण, तारीख आणि वेचणाऱ्याची नोंद असते.

७/ रेझिनमधील वरमालेलाही हाच न्याय लागू आहे. फुले पुरती वाळली नसतील तर ती आतच काळवंडतात. प्रकाशाने रेझिनही कालांतराने पिवळे पडते. नोंद नसेल तर दोन पिढ्यांनी ती कोणाचीही माळ असेल. म्हणून चौकटीमागे एक चिठ्ठी हवी : कोणाचे लग्न, कोणते गाव, कोणती तिथी, कोणती फुले.